पाठकोरे कागद

विद्यापीठात परिपत्रक निघालं: कर्मचाऱ्यांच्या पत्रांना कोरा कागद वापरायचा नाही, पाठकोरेच वापरायचे. टायपिस्टबाईंनी ते तंतोतंत पाळलं. रडणाऱ्या लेकीला पाळणाघरात सोडून आल्या होत्या, चित्त थाऱ्यावर नव्हतं. गठ्ठ्यातले वरचे अडतीस कागद प्रिंटरमध्ये सारले आणि कपातीची अडतीस पत्रं काढली. ‘निधीअभावी आपली सेवा महिनाअखेर संपेल.’ शेवटचं त्यांच्याच नावाचं. स्वतःच्या पोटावरचा पाय स्वतःच टाईप करायचा, वर शुद्धलेखनही तपासायचं! कुलसचिवांनी न वाचता सह्या ठोकल्या. पत्रं वाटली गेली.

अकराला ग्रंथालयातल्या काकांचा फोन.

“बाई, माझ्या नोकरीच्या पाठीमागे आठ लाख कसले?”

“काय?”

“पत्र उलटून बघा की!”

बाईंनी आपलं उलटलं. ‘काटकसरीच्या यशाबद्दल कुलगुरूंना बारा लाखांचा बोनस मंजूर.’ गेल्या आठवड्यात कुलगुरूंनी हे पत्र पुन्हा पुन्हा दुरुस्त करायला लावलं होतं, दर वेळी रक्कम जराशी वाढवून. ते सगळे खर्डे बाईंनीच इमानेइतबारे पाठकोऱ्यांत ठेवले होते.

तासाभरात व्हरांड्यात बाजार भरला.

“तुला किती आले?”

“साडेनऊ.”

“मला सहाच! आमच्या विभागाच्या नशिबी कायम हेच.”

कुलसचिव धापा टाकत आले. “डोकं ठिकाणावर आहे का, बाई? एकूण एक पत्र परत आणा!”

“परिपत्रकात होतं, साहेब...”

“आणा म्हणतो ना!”

काकांनी पत्र छातीशी धरलं. “असं कसं देऊ? आधी लिहून द्या, ‘पत्र रद्द’.”

मग सगळेच अडून बसले. कुलसचिवांनी अडतीस वेळा लिहून दिलं. शेवटची चिठ्ठी बाईंपुढे आपटत ते म्हणाले, “आता नवी काढा. कोऱ्या कागदावर!”

“कोऱ्याला भांडारातल्या मावशींची सही लागते, साहेब.”

“मग घ्या!”

“मघाशीच विचारलं मी. यादीत त्यांचंही नाव होतं ना... म्हणाल्या, काटकसर चालू आहे, पुढच्या वर्षी बघू.”

संध्याकाळी पाळणाघराच्या दारात लेकीनं नेहमीसारखा हात पुढे केला. “आई, चित्र काढायला कागद?”

“आज सगळे साहेबांनी नेले गं, राणी. उद्या आणते.”

“उद्या पण ऑफिस?” लेकीचा ओठ बाहेर आला.

“उद्या पण,” आई म्हणाली आणि तिची पापी घेतली.