चावलेला नान

"भिंतीवरचा नान कुठे नेताय?" मोहिराने नवऱ्याला दारातच अडवले.

"वर्गात. संध्याकाळी परत आणतो. आईला बोलू नकोस."

तोलिबजान मार्गिलानच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचा, आणि या वर्षीच्या विद्यार्थ्यांचा त्याला मनापासून वीट आला होता. भौतिक संस्कृती म्हणजे वस्तू, अभौतिक म्हणजे श्रद्धा आणि रीती. सांगून सांगून घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी! म्हणून आज त्याने घरचाच नान उचलला. धाकटा भाऊ इल्हाम दूर परदेशी, कझानला बांधकामावर निघाला, तेव्हा रीतीप्रमाणे त्याने त्या नानचा एक घास घेतला होता. उरलेला आईने खुंटीला टांगला. इल्हाम सुखरूप परतून तो संपवणार, या आशेवर ती माउली दिवस काढत होती.

"हा नान भौतिक," तोलिबजान वर्गात म्हणाला. "तो भावाला परत आणतो, ही समजूत अभौतिक. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात विभागप्रमुखांचे बोलावणे आले. तो परतला तेव्हा टेबलावर चहाची किटली होती आणि नान नव्हता.

"सर, हातातून निसटला नि तुकडे झाले," एक मुलगी म्हणाली. "मोडलेला नान टाकायचा कसा? पाप नाही का लागणार? मग चहात बुडवून सगळ्यांनी खाल्ला. तुमचाही घास ठेवलाय."

तोलिबजानने कपाळाला हात लावला. "मेल्यांनो, धडा सोडून सगळं कळतं तुम्हाला!"

मग बाजारातून नवा नान आणणे आले. त्याने दातांनी त्याचा घास तोडला, कॉलेजच्या हीटरवर तो जमेल तेवढा वाळवला आणि घरी येऊन गुपचूप खुंटीला टांगला. आई चहाचा पेला घेऊन आली आणि तिथेच थबकली.

"हे दात कुणाचे?"

"इल्हामचे. आणखी कुणाचे असणार?"

"त्याचा पुढचा दात पडलाय. मला शिकवतोस?"

शेवटी सगळे कबूल करावे लागले. "पण आई, ती नुसती वस्तू होती गं! तुझी श्रद्धा तर शाबूत आहे ना?"

"आहे तर! म्हणूनच सांगते. माझ्या लेकाला ओढून आणणारा नान तुझ्या पोरांच्या पोटात गेला. आता तूच जा आणि त्याला घेऊन ये. नाहीतरी घास तू घेतलायसच."

"अगं, परीक्षा तोंडावर आलीय!"

आई खाली बसली आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसू लागली. तिथे तोलिबजानचे सगळे समाजशास्त्र आटोपले.

दुसऱ्या दिवशी तो चरफडत कझानच्या बसमध्ये चढला. भावाला, विद्यार्थ्यांना, विभागप्रमुखांना, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या हासडून झाल्या. गाव मागे पडले तसा त्याने मोहिराला फोन लावला.

"अगं, तो माझा नान... खुंटी पक्की आहे ना?"

"अहो, तुम्हीच म्हणत होता ना, नुसती वस्तू आहे म्हणून?"

"तू फार शहाणपणा करू नकोस. आधी खुंटी बघ. आणि हो, उंच टांग, तिथे उंदीर फिरतात!"