झेंडेकाकांचं ‘ब्लायमी’

पोरांना फिरवायला आणलेल्या उंटाने एकदा झेंडेकाकांच्या तळमजल्याच्या खिडकीतून मान आत घातली. मी त्यांचा पेपर परत द्यायला गेले होते. अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरून लोक धावत आले. काका बशीतला चहा संपवत म्हणाले, “उंट हाय.”

बस्स. आश्चर्य या खात्यात काकांकडे एवढाच माल. पुणेकरांना तसंही कशाचं कौतुक नसतं, पण काकांचं प्रकरण धंद्यातून आलेलं. मार्केट यार्डात कांद्याची अडत चालवण्यात त्यांचा जन्म गेला. “भाव ऐकून भुवई हलली की मेलास,” असं ते सांगत. काकू गेल्या तेव्हासुद्धा ती हलली नव्हती, असं सोसायटी म्हणे. सोसायटीला काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

मी तेव्हा इंग्लंडच्या गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या कॉल सेंटरमध्ये होते. शिफ्टमुळे माझ्या सकाळी अर्ध्या झोपेतच जात. अशाच एका सकाळी काका दारात उभे. “पोरी, ते साहेब लोक चकित झाले की काय म्हणत्यात?”

मला वाटलं, स्वप्नच पडतंय.

मग कळलं. काकांचा मुलगा रोहित लीड्सला आयटीत. थोड्या दिवसांसाठी गेलाय, येईल आता, असं काका गेली कितीतरी वर्षं सांगत होते. त्याची मुलगी ईरा दर रविवारी फोनवर आजोबांना काहीबाही सांगायची. एकदा तिने सांगितलं, दात पडला. काका म्हणाले, “पडणारच.” तेव्हापासून ती फोनवर येईना.

“आजोबांना कशाची मजाच वाटत न्हाय, म्हणती,” काका म्हणाले. “एकच नात हाय गं मला.”

शिकवणी सुरू झाली. गॅलरीत, कोवळ्या उन्हात, मी पेंगत आणि काका ताठ बसून.

“‘ब्लायमी’ रोजच्या वापराला. ‘ब्लाय’वर आवाज चढवायचा. ‘वेल, आय नेव्हर!’ जरा प्रेमळ, वाक्य तसंच अर्धं सोडून द्यायचं. ‘गॉब्समॅक्ड’ म्हणजे तोंडाचा आ वासला. ते जपून, मोठ्या बातमीला.”

“आन् ते ‘ब्लडी हेल’? तू रोज ऐकतीस म्हणालीस.”

“ते बिल बघून म्हणतात, काका. नातीला अजिबात नाही.”

काकांचं ‘ब्लायमी’ सुरुवातीला कांद्याचं पोतं उतरवल्यासारखं यायचं. धप्पकन. मग त्यांनी सराव मांडला. लिफ्ट चालू दिसली, ब्लायमी! पाणी वेळेवर आलं, वेल, आय नेव्हर! कोथिंबिरीचा भाव ऐकून त्यांनी असं काही ‘ब्लायमी’ हाणलं की भाजीवालीने घाबरून जुडी स्वस्त दिली. काका दिवसभर अस्वस्थ. “म्हंजे जन्मभर उगाच तोंड दाबून बसलो की काय मी?”

रविवारी दुपारी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. पंखा संथ फिरत होता, पडदा हलत होता, सगळी सोसायटी झोपेत. फोन स्पीकरवर. आधी रोहित बोलला, मग बऱ्याच दिवसांनी ईरा आली. इंग्रजी-मराठीची खिचडी करत तिने एका दमात सांगून टाकलं: आजोबा, आम्ही घर घेतलं! बागेचं! आता आम्ही कायम इथेच राहणार!

मी चटकन काकांकडे बघितलं.

“ब्लायमी!” काका ओरडले. आवाज नेमका जिथे चढायचा तिथे चढला. पोरगी खिदळली. बागेत खार येते म्हणाली. “वेल, आय नेव्हर!” तिच्या खोलीला गुलाबी रंग देणार. “आय ॲम गॉब्समॅक्ड, ईरा!” ती फोन सोडायला तयार होईना.

शेवटी फोन ठेवला, तसं मी हळूच विचारलं, “काका, खरंच चकित झालात?”

“रोहितनं गुरुवारीच सांगितलं होतं. म्हणाला, आण्णा, ईराला सोता सांगायचंय, तुम्हाला ठावं न्हाय असं दाखवा.” ते आतल्या खोलीकडे बघत राहिले. ती त्यांनी नुकतीच रंगवून घेतली होती. “लय वाटत होतं गं, येतील म्हणून.”

मला रडूच फुटलं. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.

“रडतीस काय? अजून एक शब्द दे. पुढच्या रविवारी ती बागेतलं सगळं सांगणार हाय. तेच तेच म्हणलं तर पोरीला संशय यायचा.”