खालच्या टाकीचा शिल्पकार

समुद्री मासे पाळणाऱ्यांपैकी निम्मे लोक माझा सल्ला घेतात, उरलेले नंतर पस्तावतात. तेव्हा आमच्या हिच्या जिवंत प्रवाळांच्या टाकीला सम्प मीच बनवणार, यात वादच नव्हता. सम्प म्हणजे खालच्या कपाटात बसणारी दुसरी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो.

ही म्हणाली, थोडी रिकामी ठेवा. मी काय कंजूष आहे? काठोकाठ भरली! वर जाणाऱ्या पाइपचं तोंडही वरच्या टाकीत पार तळाशी नेलं. करायचं ते खोल करायचं.

हिची अट मात्र कडक. मागे एकदा आमचं पाणी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या छतातून थेट पेशंटच्या उघड्या तोंडात गेलं होतं. आता एक थेंब जरी झिरपला, तर टाकी तिच्या भावाकडे. मेहुणेबुवांनी घरी जागासुद्धा करून ठेवली होती.

त्यालाच मुद्दाम बोलावलं. म्हटलं, बघ, पंप बंद केला तरी काही होत नाही. आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

वरचं पाणी त्याच पाइपातून, शाळा सुटल्यागत खाली धावलं. सम्प फुगला. मी वरच्या टाकीत सदऱ्यासकट खांद्यापर्यंत हात बुडवला आणि पाइपच्या तोंडावर तळवा दाबला. पाणी थबकलं. फरशी कोरडी!

"बटण दाब," मी म्हणालो.

"कुठलं, दाजी?" असं म्हणून तो खुर्चीत ऐसपैस बसला.

शेवटी हीच धावत आली, बटण दाबलं आणि टाकीकडे बघतच राहिली. तिचे दोन जोकर मासे आल्यापासून कोपऱ्यात रुसून होते, अन्नाला तोंड लावत नव्हते. ते माझ्या बाहीत बिऱ्हाड थाटून बसले होते. तिनं चिमूटभर खाणं टाकलं. दोघांनी बाहेर डोकावून फस्त केलं.

"आता हात काढू?"

"हलवून तर बघा," ती कुजबुजली.

मेहुण्यानं घसा खाकरला. "ताई, मग टाकी नेऊ ना मी?"

"ने की. पण आता ह्यांनाही न्यावं लागेल."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मनात घरचं माप घेतलं आणि चपला घातल्या.

टाकी घरातच राहिली. हे डाव्या हातानं लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. उजवा कामावर आहे.