आठ सिलिंडरची वरात

प्रतापरावांच्या अंगणात ऊन एकाच ठिकाणी पडायचं, आणि नेमकी तिथेच त्यांची अडतीस सालची अमेरिकन मोटार उभी होती. संस्थान विलीन झालं तेव्हा मोटारखान्यातल्या या कारकुनानं ती लिलावात हौसेनं घेतली. आता मध्य प्रदेश होऊनही दोन वर्षं झाली, पण आठ सिलिंडरची ही राणी फाटकाबाहेर पडली नव्हती. प्रतापराव तिला रोज पुसत. तिच्यावर माशी बसली तरी त्यांचा जीव वरखाली होई. द्वारकाबाईंचे पापड मात्र सावलीत वाळत, म्हणजे वाळतच नसत.

शेवटी बाईंनीच गिऱ्हाईक आणलं. कृष्णपुऱ्याचे शंकरराव, वरातीला घोडी आणि बँड पुरवणारे.

"खरं तेच सांगायचं हं," बाईंनी नवऱ्याला बजावलं. "सौदा मोडायचा नाही."

प्रतापरावांना उलट हायसंच वाटलं. खरं ऐकल्यावर ही गाडी कोण शहाणा घेणार?

"गॅलनला जेमतेम पाच मैल जाते," त्यांनी सुरुवात केली.

"वरात जाते किती? एक मैल!"

"सहा माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही."

"मग वऱ्हाडी कशाला असतात, भिया?" शंकररावांनी त्यांना भाऊच करून टाकलं.

"भोंगा एकदा वाजला की थांबत नाही."

"मतलब, एक बाजेवाला वाचला!"

प्रतापरावांना घाम फुटला. "अहो, चालली तरी बैलगाडीच्या चालीनं चालते!"

शंकररावांनी हातच जोडले. "तीच तर चाल पाहिजे, प्रतापरावजी! आमची घोडी फटाक्याला बिचकली अन् नवरदेवासकट सीधी छत्रीबागेत. नवरी इकडे हार घेऊन बैठी!" मग त्यांनी गाडीत बसून पाहिलं. "वा! फेट्याचा तुरासुद्धा छताला लागत नाही. पक्की समजा. फक्त एकदा चालवून दाखवा."

आपली गाडी नवरदेवांना वाहत फिरणार, या विचारानं प्रतापरावांनी फडकं काढून तिचं बॉनेट पुन्हा एकदा पुसलं. शंकररावांनी पेट्रोल आणवलं. नवऱ्यानं काही खोडी करू नये म्हणून द्वारकाबाई स्वतः मागे बसल्या. आळीतल्या सहा जणांनी धक्का दिला. गाडी खोकली, शिंकली आणि एकदम सुटली. प्रतापरावांनी पाय उचलला, पण गंजलेला अॅक्सिलरेटर खालीच अडकून बसला होता. त्यात भोंगाही लागला. भंवरकुआंचा चौक आला तसा मागे पडला.

"रोको! भिया, रोको!" शंकरराव टोपी धरून ओरडत होते.

"ब्रेक लागतोय कुठे!" प्रतापराव ओरडले, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. त्यांची राणी धावत होती!

राऊ गावाच्या अलीकडे पेट्रोल संपलं, तेव्हा कुठे गाडी थांबली. शंकरराव थरथरत उतरले.

"माफ करा. याच्यापेक्षा घोडी परवडली," म्हणाले आणि बस धरायला निघून गेले.

सौदा मोडला होता. प्रतापरावांनी भीतभीत मागे पाहिलं. द्वारकाबाईंचा अंबाडा सुटला होता, पदर धुळीनं माखला होता, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"अहो, दहा वर्षांत मला हिच्यात आज बसवलंत! विकायची नाही गाडी. दर रविवारी फिरायला न्यायचं."

"नक्की नेईन," प्रतापराव हरखून म्हणाले. "पण... पापड?"

"त्याची जागा पाहून ठेवलीय मी."

एका शेतकऱ्याच्या बैलजोडीला बांधलेली गाडी संध्याकाळी बैलगाडीच्याच चालीनं घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हानं तापलेल्या बॉनेटवर पहिला पापड पडला, तेव्हा प्रतापरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मग एक डोळा उघडला. पापडाची कड दुमडली होती, ती त्यांनी हळूच सरळ केली.