किंमत अजून जाहीर नाही

"किती आहे?" बायकोने विचारले.

"अजून जाहीर नाही."

"म्हणजे जी वस्तू दुकानात आलेली नाही, जिची किंमत खुद्द कंपनीने सांगितलेली नाही, ती घ्यायचं तुम्ही ठरवून बसलात?"

"ठरवलंय कुठे? नुसतं मनात आहे."

"मनात खुशाल राहू दे. फोन तेवढा ताटातून बाहेर काढा."

कवळीवाल्यांनी फोन पुसला आणि पुसतापुसताच पुन्हा एकदा पाहिला. किंमत जाहीर झालेली नव्हती.

गावातल्या दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणे हा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या वड्या आणि निरनिराळ्या पिवळेपणाचे दात यांच्यात त्यांचा दिवस जाई. त्यांचे खरे नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरले होते. हौस म्हणाल तर एकच, फिल्मवर फोटो काढण्याची. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचे झाकण, उजेड आत शिरून फिल्म वाया जाऊ नये म्हणून, दातांना लावायच्या तारेने बांधलेले होते आणि आत फिल्म पुढे सरकली की नाही हे केवळ श्रद्धेवर ठरत असे.

अशात एका छोट्या कंपनीने जाहीर केले की ती घडीचा नवा कॅमेरा काढणार. फिल्मचाच, आणि तोही रुंद फिल्मचा. मिटला की खिशात मावेल, झाकण उघडले की पेटीसारख्या घड्यांच्या भात्यासकट भिंग पुढे येईल. असला कॅमेरा गेल्या कित्येक वर्षांत कोणी नव्याने बनवला नव्हता. कंपनीने एकच फोटो दिला होता, तोही काळोखातला. हौशी लोकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये त्या फोटोकडे सगळे दुखऱ्या दाढेच्या एक्स-रेसारखे टक लावून पाहत होते. कोणी सावलीवरून वजन काढले, कोणी वजनावरून किंमत.

"अंदाजे तरी सांगा," बायको म्हणाली.

"चाळीसेक हजार," कवळीवाले भिंतीकडे बघत म्हणाले.

बायको चिडली नाही. त्यामुळे ते जास्तच अस्वस्थ झाले.

"बरं," ती म्हणाली, "मग माझेही चाळीस."

हौसेच्या बाबतीत त्या घरात एकच कायदा होता. एकाने जितके उडवायचे तितकेच दुसऱ्यानेही उडवायचे, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. नुकतीच एक मुदतठेव हाती आली होती, एक लाख साठ हजारांची. म्हणजे प्रत्येकाच्या हौसेला जास्तीत जास्त ऐंशी. बायको घरी कपडे शिवून देत असे. तिचे मशीन चालायला लागले की शेजारचे कूस बदलत. तिच्या मनात एक नवे मशीन भरले होते. त्याच्या पडद्यावर नुसते बोट ठेवले की ते आपोआप काजे करी, फुले भरी. त्याची किंमत मात्र पक्की जाहीर होती, अठ्ठ्याहत्तर हजार.

"चाळिसात ते येत नाही," ती म्हणाली.

"पण कॅमेरा चाळीसचा आहे."

"अंदाजे ना?"

"अंदाजे."

"मग बघू," असे म्हणून ती उठली, आणि त्या दिवसापासून त्या घरात एकाच किमतीसाठी दोन माणसे तळमळू लागली. एकाला ती वर जायला नको होती. दुसरीला ती खाली राहायला नको होती, फक्त ऐंशीच्या पुढे जाऊ नये एवढेच.

"काच चांगली असेल ना हो त्याची?" बायको भाजी चिरताना विचारी.

"चांगलीच असणार."

"आणि उजेड मोजायचं यंत्र? ते आतच बसवलं असेल ना?"

"असेल बहुतेक."

"भाता खऱ्या चामड्याचा असू दे बाई. स्वस्तातलं काही नको."

कवळीवाले गहिवरले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण तिने त्यांच्या हौसेची अशी चौकशी कधी केली नव्हती. त्यांनी तिला ग्रुप उघडून दाखवला, आत कसे शिरायचे तेही शिकवले.

दोन दिवसांनी ग्रुपमध्ये 'जाणकार' नावाचा एक नवा सदस्य आला. त्याने कोणाला नमस्कार केला नाही, स्वतःची ओळख दिली नाही. एकच ओळ टाकली. "काच उत्तम, चामडं खरं, उजेडाचं यंत्र आत. अठ्ठ्याहत्तर."

अंदाज करणारे सगळे लांबलचक लिहीत, खुलासे देत, माफी मागत. या माणसाने काहीच खुलासा दिला नाही, म्हणून लोकांचा त्याच्यावर ताबडतोब विश्वास बसला.

"वाचलंस का?" डॉक्टरांचा फोन आला. कवळीवाल्यांना सर्वांत जास्त काम देणारे दंतवैद्य ते हेच, आणि ग्रुपमध्ये त्यांना ओढणारेही हेच. "हा जाणकार कंपनीतलाच आहे. शंभर टक्के! भाषा बघ ना त्याची. बाहेरचा माणूस इतकं कमी बोलेल का?"

"पण अठ्ठ्याहत्तर म्हणजे फारच झाले हो."

"अरे, तो कमीच सांगतोय. कंपनीची माणसं नेहमी कमी सांगतात. नव्वदच्या खाली येणार नाही. बरं, ते जाऊ दे. काल तू कवळी पाठवलीस ना, त्यात दोन्ही वरच्या आहेत."

"काय?"

"वरच्या दोन. खालची नाहीच. आजोबांनी काय आता नुसतं टाळूला टाळू लावून बसायचं?"

दुपारपर्यंत ग्रुपमध्ये नव्वदचे पंचाण्णव झाले. एकाने 'आतल्या गोटातून समजते' असे लिहिले, दुसऱ्याने त्याच्याच हवाल्याने 'निश्चित' असे लिहिले, आणि पहिल्याने ते वाचून आपलाही संशय फिटल्याचे कळवले.

कवळीवाले जेवायला आले ते पाय ओढतच.

"पंचाण्णव," ते म्हणाले. "संपलं. राहू दे. आपल्या नशिबात तारेचं झाकणच आहे."

बायकोची पोळी तव्यावर तशीच राहिली. पंचाण्णवचा कॅमेरा घेता येत नाही. कॅमेरा नाही तर मशीन नाही.

"असं कसं राहू दे? लगेच काय हातपाय गाळता? उतरेल की किंमत!"

"किंमत कधी उतरलेली पाहिलीस का तू?"

त्या दुपारी तिने एका गिऱ्हाइकाच्या झग्याच्या घेरात मापाची फीत आतच शिवून टाकली. कारण शिवताशिवता तिचा एक हात फोनवर होता. जाणकार पुन्हा बोलला होता. "यंत्र काढून टाकलं आहे. चामडं सुद्धा साधं. अठ्ठ्याहत्तरच."

मागच्या खोलीत कवळीवाल्यांनी ते वाचले आणि त्यांच्या जिवात जीव आला. आयुष्यात प्रथमच धीर करून त्यांनी ग्रुपमध्ये थेट एका अनोळखी माणसाला प्रश्न विचारला. "साहेब, आपण कंपनीत कोणत्या खात्यात असता?"

पुढच्या खोलीत फोन टिंगकन वाजला. मशीन थांबले. मग उत्तर आले. "शिलाई."

कवळीवाले विचारात पडले. त्यांनी लिहिले, "कॅमेऱ्याच्या कंपनीत शिलाई खातं असतं?"

टिंग.

"भाता कोण शिवणार? तुम्ही?"

हा सूर त्यांच्या फार ओळखीचा होता. ते उठून पुढच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"तू?"

"मी म्हणजे? कोणीतरी वर न्यायला नको का किंमत? तुम्ही तर चाळिसाला घट्ट धरून बसलात."

"अगं, ती पंचाण्णववर गेली!"

"मी अठ्ठ्याहत्तरलाच सोडली होती," बायको म्हणाली. "पुढची तुमच्या मित्रांनी नेली."

कवळीवाले सरळ माणूस. त्यांनी ग्रुपमध्ये खरे तेच लिहिले. "जाणकार म्हणजे माझी पत्नी आहे. तिला कॅमेऱ्यातले काही कळत नाही. क्षमस्व."

"कळत नाही काय?" बायको त्यांच्या खांद्यावरून वाचत म्हणाली. "ते पुसा."

पण पुसायची गरजच पडली नाही, कारण कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. 'कंपनीने तोंड दाबलं', 'बिचाऱ्याला बायकोचं नाव पुढे करावं लागलं', अशी हळहळ सुरू झाली. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला.

"काय रे, वहिनी कंपनीत आहेत हे इतके दिवस बोलला नाहीस?"

"डॉक्टर, ती घरी कपडे शिवते."

"कळलं, कळलं. फोनवर नको बोलायला."

किंमत जाहीर व्हायच्या संध्याकाळी दोघेही लवकर आवरून बसले. कवळीवाले पाणी प्यायला तीनदा उठले आणि तिन्ही वेळा न पिताच परत आले. बायको रिकाम्या सुईत दोरा ओवत होती आणि काढत होती. अखेर पडदा बदलला.

अडतीस हजार.

बायकोचा चेहरा पडला, आणि आश्चर्य म्हणजे कवळीवाल्यांचाही पडला.

"फक्त अडतीस?" ते म्हणाले. "अडतीसमध्ये काय देणार हे लोक? काच तरी काच आहे की नाही कोण जाणे."

"तुम्हीच चाळीस म्हणाला होता."

"तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता इतकं वाचल्यावर..."

बायकोची नजर पडद्यावरच होती. तिचे ओठ मात्र हिशेब करत होते.

"दोन घ्या," ती म्हणाली.

"दोन कॅमेरे?"

"एक बिघडला म्हणजे? दोन कॅमेरे आणि वर दोन हजारांची फिल्म. बरोब्बर होतंय."

कवळीवाल्यांनी नाइलाजाने मान हलवली, पण आतून त्यांना गुदगुल्या झाल्या. दोन कॅमेरे बाळगणारा माणूस त्यांनी आजवर फक्त लांबून पाहिला होता. ते बटण दाबणार इतक्यात डॉक्टरांचा फोन आला.

"पाहिलंस? अडतीस! मी काही घेत नाही. तू?"

"आम्ही दोन घेतोय," कवळीवाले भाबडेपणाने म्हणाले.

पलीकडून डॉक्टर कुजबुजले, "दोन? वहिनी म्हणाल्या?"

"तीच म्हणाली."

फोन लगेच बंद झाला. ग्रुपमध्ये ओळ उमटली, "जाणकार स्वतः दोन घेत आहेत." कवळीवाल्यांना आपला पत्ता भरायला नेहमीच वेळ लागे. घर क्रमांक लिहून त्यांनी वर पाहिले तेव्हा पडद्यावर आले होते, "पहिली खेप संपली. दुसरीबद्दल अद्याप निर्णय नाही."

बायकोने सुईतला दोरा काढून टाकला. थोड्या वेळाने पुन्हा डॉक्टरच.

"मला तीन मिळाले! तुला मिळाले ना दोन?"

"एकही नाही."

"अरेरे! बरं, तू आपला माणूस. एक तुला देतो. साठला."

"साठ? डॉक्टर, अडतीसचा कॅमेरा साठला?"

बायकोने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "डॉक्टर, मी बोलतेय. साठ कसे चालतील?"

"बरं, वहिनी, तुमच्यासाठी पंचावन्न."

"अहो, कमी कुठे करताय? साठच मुळात कमी होतात. अठ्ठ्याहत्तर घ्या."

कवळीवाले खाली बसले.

"अठ्ठ्याहत्तर?" डॉक्टरांचा आवाज एकदम बारीक झाला. "वहिनी, म्हणजे... किंमत अजून वाढणार आहे?"

"अहो, तसं नाही हो. आमचं घरगुती आहे ते."

"समजलो. तुमच्या तोंडून काही वदवून घेत नाही मी. पण मग मी तिन्ही ठेवूनच घेतो. थँक यू हं, वहिनी!"

फोन बंद झाला. बायको त्याकडे बघत राहिली. कवळीवाल्यांना वाटले, आता ती रडेल, आणि मग आपणही रडावे की काय. पण तिने खुर्ची ओढली, फोन मशीनवर ठेवला आणि जाणकाराचे खाते उघडले.

"सांगा," ती म्हणाली. "असं काय लिहू, की डॉक्टर उद्या सकाळी तिन्ही घेऊन आपल्या दारात येतील?"

कवळीवाल्यांनी त्या काळोखातल्या फोटोकडे एकदा डोळे भरून पाहिले. मग त्यांनी तोंड फिरवले.

"लिही," ते जड आवाजात म्हणाले, "भात्यातून उजेड आत शिरतो."