अबोल्यातली किल्ली

गुपिताला धोका चोरापासून नसतो, तिसऱ्या माणसापासून असतो. (आमच्या सौंसर गावात गुपिताचं सरासरी आयुष्य एक चहा आहे, साखर कमी पडली तर अर्धा.)

हे ओळखून आमच्या संत्रा उत्पादक समितीनं तोलपावतीचं सॉफ्टवेअर कूटबद्ध कंटेनरात घातलं. कंटेनर म्हणजे बंद डबा. आत प्रोग्राम, सोबत त्याचा शिधा. कुठल्याही संगणकावर ठेवा, उपाशी राहत नाही. चोरानं नेला तर त्याला नुसता भुसा दिसतो. किल्लीचा शब्द टाइप केला की डबा संगणकाच्या मेमरीत उघडतो. वीज गेली की आपोआप बंद. आमच्याकडची वीज सुरक्षेबाबत फार जागरूक आहे.

किल्ली डब्याजवळ ठेवू नका, एकाच माणसाकडे देऊ नका, असं इंजिनियर कुलदीपनं बजावलं. समितीनं त्याच्याही पुढचा विचार केला. अर्धी किल्ली अध्यक्ष बापूजींना, अर्धी उपाध्यक्ष गुणवंतरावांना. पोळ्याच्या तोरणाखाली कोणाची बैलजोडी पहिली, यावरून दोघांचा जुना अबोला. म्हणजे किल्ली फुटण्याची शक्यता शून्य. (डबा उघडण्याचीही तेवढीच, ते नोंदवायचं राहिलं.)

परवा वीज गेली नि आली. फाटकाशी रामाकोना गावच्या प्रमिलाबाईंची संत्र्याची गाडी उभी. पावतीशिवाय फाटक उघडत नाही, आणि माल त्याच दिवशी पोचला नाही तर नागपूरचा व्यापारी घेत नाही.

"पहिला मान अध्यक्षाचा," बापूजी म्हणाले.

"पोळ्यातबी हेच म्हणे," गुणवंतरावांनी पंख्याला सांगितलं.

कुलदीप मधे पडला. "काकू, थांबा जरा. सुरक्षा चालू आहे."

"चालू राहू दे बाबू. माही संत्री मऊ होऊन राहिली."

ऊन कलायला लागलं तरी मान कोणाचा हे ठरेना. प्रमिलाबाई ऑफिसातल्या बाकावरून उठल्या, कुलदीपला "सरक" म्हणाल्या आणि दोन्ही अर्ध्या स्वतःच टाइप केल्या. डबा मुकाट उघडला.

"काकू, तुमाले कसं माहीत?"

"अध्यक्षाची त्याच्या पुष्पाबाईनं सांगितली, उपाध्यक्षाची त्याच्या सुधाबाईनं. पापड लाटता लाटता. अबोला माणसाईचा आहे बाबू, बायकाईचा नाही. पावती काढ."

गाडी गेली. चौकशीचा निष्कर्ष असा: किल्ली बाहेर गेलेली नाही, घरीच होती. दक्षता म्हणून पापड स्थगित.

नवी किल्ली दोघांनीही घरी सांगितलेली नाही. ती कोणती, हे मी कोणाजवळ बोलत नसतो; पण तुम्हाला म्हणून सांगतो...

सरकलात ना जवळ? समितीचा सारा बंदोबस्त ज्या तिसऱ्या माणसासाठी होता, तो सापडला.