पोतनीसजींच्या दौऱ्यावरचा टॅक्स

आमच्या ऑफिसातले पोतनीसजी शर्टाला दोन खिसे शिवून घेतात. डावा खिसा कंपनीचा, उजवा घरचा. दौऱ्यावर असताना सकाळच्या पोह्यांची पहिली प्लेट डाव्या खिशातून होते. दुसरी खावीशी वाटली तर तिचे पैसे उजव्यातून निघतात. "पहिली भुकेची, भिया. दुसरी जिभेची. जिभेचा बोजा कंपनीवर कायको टाकायचा?" एकदा डाव्या खिशात सुट्टे नव्हते, तर त्यांनी उजव्याकडून दहा रुपये उसने घेतले आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन माझ्यासमोर परत केले. मी चहा पीत होते. 

भिया, म्हणजे भैया, ते मलाही म्हणतात. मी दोन मुलांची आई, पलासियाच्या या ऑफिसात बावीस वर्षं अकाउंट सांभाळते आहे. पण इंदुरात भिया हे काही नातं नाही, बोलता बोलता श्वास घ्यायची जागा आहे. फारच औपचारिक काही असलं की मग ते मॅडम म्हणतात.

आमची कंपनी धरमकाटे बसवते. मालाने भरलेला ट्रक ज्या मोठ्या काट्यावर चढवून तोलतात, तो धरमकाटा. देवास, उज्जैन, रतलाम, मंदसौर, जिथे मंडी तिथे आमचा काटा, आणि तो बिघडला की तिथे पोतनीसजी. लग्न केलेलं नाही. का, असं विचारलं तर "दौऱ्यांमध्ये राहून गेलं" म्हणतात, जसं एखाद्याचं छत्री घ्यायचं राहून जावं. खापरपणजोबा संस्थानच्या खजिन्यावर होते आणि सरकारी शाईने घरचं पत्र लिहीत नसत, हे त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितलं आहे. ही गोष्ट मी आणखी चार जणांच्या पणजोबांबद्दल ऐकली आहे, पण ते असो.

माणूस विचित्र, पण त्याच्या विचित्रपणाला नियम आहेत. पहिला नियम, ज्याचं काम त्याचा रस्ता. मागे एकदा त्यांच्याबरोबर स्कूटरवर एका ग्राहकाकडे जायची वेळ आली. परतताना मी म्हटलं, इथून खजराना जवळ आहे, गणपतीचं दर्शन घेऊन जाऊ. त्यांनी स्कूटर सरळ ऑफिसात आणून लावली, हेल्मेट कुलूपबंद केलं आणि म्हणाले, "चला, आता रिक्षा करू. गणपती कंपनीच्या पेट्रोलवर येणाऱ्याला ओळखत नाही." रिक्षाचे पैसे मी दिले. देवाला जायची हौस माझी होती ना, मग रस्ताही माझाच.

दुसरा नियम औजारांचा. शेजारणीचा मिक्सर दुरुस्त करायला त्यांच्याकडे वेगळा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आहे. ऑफिसच्या बॅगेतला पेचकस घरात पलंगाखाली असतो आणि रविवारी त्याला हात लागत नाही.

तर अशा या माणसावर मागच्या वर्षी आभाळ कोसळलं. मुख्य कचेरीने ठरवलं की दौऱ्याची बिलं तपासण्यात वेळ जातो, म्हणून बिलं बंद. प्रवासाची आणि औजारांची ठरावीक रक्कम दरमहा पगाराबरोबरच मिळेल. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे फार सोपं वाटलं. पण रक्कम पगारात मिसळली आणि तिच्यावर पगारासारखाच टॅक्स कापला जाऊ लागला. बाकीच्यांनी दोन दिवस शिव्या दिल्या आणि सोडून दिलं. पोतनीसजींनी सोडलं नाही.

ते आमच्या मॅनेजरच्या, तिवारीजींच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, मी सगळं ऐकलं.

"पोतनीसजी, पैसा आपके खाते में आया कि नहीं?" तिवारीजींनी विचारलं.

"आया ना. बारिश का पानी भी छत पे आता है, और पाइप से निकल जाता है. उसको कोई टंकी का पानी बोलता है क्या?"

"लेकिन नियम..."

"तिवारीजी, मल्टीमीटर मैं घर ले जाके क्या करूँगा, दाल में डालूँगा?"

मग बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी ते मराठीत चिडले. "मॅडम, कमाई म्हणजे काय? माझ्या हाताला काही लागलं, माझ्या पोटाला, जिवाला काही मिळालं, तर ती कमाई. नीमचच्या बसमध्ये साडेपाच तास कंबर मोडून मला काय मिळालं? धूळ. धुळीवर टॅक्स? बात बराबर तुलनी चाहिए, भिया."

मला विचाराल तर त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण शंभर टक्के खरं बोलणाऱ्या माणसाचा कंटाळा येतो, आणि वर्षभर रोज येतो.

येत्या मार्चअखेर ते निवृत्त व्हायचे होते. जानेवारीत त्यांच्या सतरा पत्रांना कंटाळून मुख्य कचेरीने उत्तर दिलं. वर्षभराच्या प्रत्येक दौऱ्याची नोंद आणि तिकिटं द्या, अकाउंटची सही घ्या. जेवढा खर्च कामासाठी झाल्याचं दिसेल तेवढ्यावरचा टॅक्स शेवटच्या पगारात परत मिळेल, उरलेल्यावर लागू राहील. परत मिळायची रक्कम साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी होती. पोतनीसजींना त्यातून डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता. "दुसरा टॅक्समध्ये अडकलाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रजिस्टर आणून ठेवलं. असं रजिस्टर मी नोकरीत पाहिलेलं नाही. प्रत्येक तिकीट चिकटवलेलं, बाजूला कुठला काटा, काय बिघाड, किती वाजता गेले, किती वाजता निघाले. मी सबंध दुपार चूक शोधत बसले. चूक सापडावी अशी माझी थोडी इच्छाही होती, खोटं कशाला बोलू.

आणि सापडली. मंदसौरचे नऊ दौरे होते. तिकिटं होती, काटा दुरुस्त झाल्याची ग्राहकाची सही होती, पण एकाही दौऱ्याचा खर्च बेरजेत घेतला नव्हता. समोर लाल शाईत लिहिलं होतं, 'कर लावावा.' मंदसौर लांबचं. परत मिळायच्या पैशातला जवळजवळ निम्मा तिथेच गेला होता.

मी त्यांना बोलावलं. "पोतनीसजी, हे नऊ दौरे बेरजेतून सुटले."

"सुटले नाहीत. सोडले."

"काम तर झालंय. सह्या आहेत."

"काम झालं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेरचं ट्रॅफिक बघू लागले.

"मग? हे दौरे तर तुम्ही तुमच्याबरोबरच्या सक्सेनाकडून मागून घेत होता. त्याला जवळचं देवास देऊन स्वतः मंदसौर. आणि एकदाही लॉजचं बिल नाही. रात्री कुठे राहत होता? आता ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

  ते खुर्ची ओढून बसले.

"तिथे अक्का असते. माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिनेच वाढवलं. आता अठ्ठ्याहत्तरची आहे, एकटी असते. काट्याचं काम दुपारी उरकतं, मग रात्री तिच्याकडे."

"मग त्यात काय बिघडलं? काम करून गेलात ना?"

"काम निमित्त होतं, मॅडम."

मला त्यांचा राग आला. एवढा हिशेबी माणूस, आणि स्वतःच्याच डोळ्यावर पाणी सोडायला निघालेला. मी म्हटलं, "निमित्त कशाला लागतं? बहीण आहे. रविवारी उठून स्वतःच्या पैशाने जायचं."

"एकदा गेलो होतो. दारातच तिने विचारलं, दिगू, एकटं वाटतं का रे तुला? मला काही बोलता येईना, आणि ती रात्रभर जागी राहिली. तेव्हापासून सांगतो, काट्याचं काम निघालं म्हणून आलो. मग काही विचारत नाही. जेवायला वाढते."

मी रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. "हे बघा, नियमात हे सगळं बसतं. तुम्ही म्हणाल तर मी आत्ता बेरजेत घेते. डोळ्याचं बघा जरा."

"डोळा पावसाळ्यानंतर करू." त्यांनी रजिस्टर परत माझ्याकडे सरकवलं. "नीमचला मला काही मिळत नाही, तर मी एक पैसा देणार नाही. भांडेन. पण इथे नऊ वेळा कोणी गरम पोळी वाढून, मी जेवेपर्यंत समोर बसून राहिलं. वर्षभरात मला दुसरं काय मिळालं, सांगा? ही कमाईच आहे. लावा टॅक्स."

मी लावला.